आमची वाटचाल : बोअरच्या पॉइंटपासून पुढे

हडपसरच्या एका गाळ्यात सुरुवात केली तेव्हा काम एकच होतं, बोअरचा पॉइंट काढून द्यायचा. स्पर्धा पाणाड्यांशी. हातावर नारळ घेऊन चालणारा माणूस शंभर टक्के खात्री द्यायचा. आम्ही रेझिस्टिव्हिटी मीटर (जमीन विजेला किती रोध करते ते मोजणारं यंत्र), चार खुंट्या नि वायरची रिळं घेऊन जायचो आणि ‘शक्यता चांगली आहे’ एवढंच म्हणायचो. तरी टिकलो, कारण किती फुटांवर थांबायचं हेही सांगायचो. खर्च वाचला की माणूस परत येतो.

पुण्याखाली बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक. पाणी मिळतं ते वरच्या मुरमात, भेगांत, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. बाहेरच्या खुंट्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोन खुंट्यांमधलं व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या जसजशा लांब न्याव्यात, तसतसं खालचं कळतं. भिजलेला मुरूम साधारण वीस-तीस ओहम-मीटर दाखवतो, काळा पाषाण शेकड्यांत जातो.

कामाला वळण लागलं ते एका कचरा डेपोच्या उताराला. शेतकऱ्याला पॉइंट हवा होता आणि मीटर पाच ओहम-मीटरच्या खाली. ‘म्हणजे पाणी भरपूर ना, साहेब?’ पाणी होतंच. पण शेजारच्या विहिरीतून बादली ओढली तर कोऱ्या चहाचा रंग, आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर दोन हजारांच्या वर. क्षार विरघळलेलं पाणी करंट सहज वाहून नेतं. गंमत अशी की चिकणमातीही तसंच करते, म्हणून पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय नुसत्या आकड्यावर ‘दूषित’ असा शेरा आम्ही मारत नाही.

त्यानंतर वरच्या थरांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. प्रत्येक थराची जाडी भागिले त्याची रेझिस्टिव्हिटी काढून सगळ्यांची बेरीज केली की खालच्या पाण्याला संरक्षण किती याचा अंदाज येतो. पाच ओहम-मीटरची चार मीटर काळी माती असेल तर ०.८, म्हणजे चांगलं. चाळीसचा दोन मीटर मुरूम असेल तर ०.०५, जवळपास उघडंच. अर्थात आपल्या खडकात एखादी उभी भेग हा सगळा हिशेब धुळीला मिळवते, हे अहवालात ठळक लिहितो.

आता निम्मं काम सोसायट्यांचं. तिथं दोनशे मीटर वायर पसरायला जागा कुठून आणायची? पार्किंगला काँक्रीट, खाली पाइप, लिफ्टचं अर्थिंग, सगळं रीडिंग बिघडवणारं. मग पहाटे बाहेरच्या रस्त्याच्या कडेनं लाइन टाकतो. कमिटीला बोअर हमखास एसटीपीशेजारी (सांडपाणी शुद्ध करतात तिथं) हवं असतं, कारण पंप रूम तिथं. अशा ठिकाणी आम्ही पॉइंट देत नाही. केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) मुरूम संपून पक्क्या खडकात जाईपर्यंत टाका आणि बाहेरची पोकळी सिमेंटनं भरा, असं कोटेशनसोबतच लिहून देतो. बोअरवाल्याला ते आवडत नाही. त्याचा दर खोदलेल्या फुटावर असतो. आणि पाणी किती इंच लागेल याची हमी आजही देत नाही, त्यासाठी नारळवाले आहेतच.