तेलाच्या दाबाची सुई

ग्वाल्हेर, सोमवार, रात्र

काल रात्री पावणेबाराला ट्रॉली लष्कर भागातल्या आमच्या वाड्यापुढे थांबली आणि धाकट्या भावाने व मी गाडी ढकलत जुन्या पागेत नेली. न्यूट्रलमध्ये ती दोन माणसांना सहज हलते, कारण तिचे वजन सहाशे किलोच्याही थोडे खाली आहे. मात्र पागेच्या उतारावर थोपवण्यासाठी मी तिला गिअरमध्ये टाकले, तेव्हा मागची चाके जागच्या जागी अडली. इंजिन धड असेल तर गिअरमधली गाडीसुद्धा जोर लावल्यावर आचके देत थोडी पुढे येते. ही तसूभरही सरकली नाही. आई जागीच होती. तिने एवढेच विचारले, "तुला कुठे लागलं नाही ना रे?" नाही म्हटल्यावर तिने पागेतला दिवा लावून दिला आणि ती आत गेली.

आज दिवसभर कचेरीत लक्ष लागले नाही. जे घडले ते स्मरणात ताजे आहे तोवर क्रमाने उतरवून ठेवतो.

ही गाडी कोणत्याही कारखान्यातून आलेली नाही. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन ही दोन आसनांची उघडी गाडी आणली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा आणि ज्याच्यावाचून गाडी चालू शकते असे काहीही नाही, अशी तिची रचना. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि त्या घाटाची गाडी आजही बनते. भावाने, मी आणि आमच्या उस्तादांनी, म्हणजे मेकॅनिकने, साडेतीन वर्षांचे रविवार खर्चून त्याच घाटाचा सांगाडा पागेत वेल्ड केला आणि त्यात अपघातात मोडलेल्या एका मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे, ऐंशी अश्वशक्तीचे इंजिन बसवले. जिप्सीच निवडली, कारण तिच्यात इंजिन गाडीच्या लांबीला समांतर बसते आणि आम्हाला ताकद मागच्या चाकांना द्यायची होती. अशा घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी होत नाही. त्यामुळे रस्त्यावर ती एक मीटरही चालवलेली नाही, आणि ट्रॅकवर जायचे तर ट्रॉलीवर चढवूनच न्यावी लागते.

हलक्या गाडीचे सुख ब्रेकवर कळते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर तिसऱ्या व चौथ्या वळणांच्या मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे दुप्पट-तिप्पट ताकदीच्या गाड्या मला सहज मागे टाकतात, पण चौथे वळण जवळ आल्यावर त्यांना जिथे ब्रेक लावावा लागतो, तिथून पुष्कळ पुढे जाईपर्यंत माझा पाय ॲक्सिलरेटरवर असतो. वीस मिनिटांच्या सत्रानंतर त्यांच्या चाकांपाशी जळका वास येत असतो आणि माझे ब्रेक पहिल्या फेरीइतकेच खणखणीत असतात, कारण ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते ती वजनाच्याच प्रमाणात असते. सव्वापाच किलोमीटरला थोडी कमी असलेली ती फेरी फॉर्म्युला वनच्या सेबास्टियन फेटेल यांनी २०११ च्या पहिल्या इंडियन ग्रां प्रीमध्ये १ मिनिट २७.२४९ सेकंदांत केली होती. माझी उत्तम वेळ अडीच मिनिटांच्या आसपास आहे, आणि त्याच डांबरावरून जाताना मला दर वेळी धन्य वाटते.

शनिवारी पहाटे निघालो. मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा आणि पुढे यमुना एक्स्प्रेसवेचे १६५ किलोमीटर, हा रस्ता आता पाठ झाला आहे.

या खेपेला एकच गोष्ट नवी होती. आधीच्या तिन्ही खेपांना साधे रस्त्यावरचे टायर होते. या वेळी मऊ रबराचे, ट्रॅकसाठीचे टायर घातले होते. रविवारच्या पहिल्या सत्रातच फरक जाणवला. दहावे आणि अकरावे वळण मिळून उजवीकडे जाणारी एक लांबलचक, कललेली वाटी आहे, आणि तिच्यात गाडी सहा-सात सेकंद सलग एका अंगावर असते. पूर्वी तिथे पुढची चाके बाहेर सरकायची आणि मला पाय उचलावा लागायचा. काल ती रुळावर बसल्यासारखी गेली, आणि हेल्मेटच्या वजनाने मान डावीकडे इतकी ओढली गेली की मला ती ताठ ठेवणे जड झाले. त्या आनंदात मी डॅशबोर्डकडे पाहिले. गरम इंजिनाला त्या गतीवर तेलाचा दाब चार किलोच्या आसपास असतो. सुई दीडवर होती. वळण संपून गाडी सरळ झाली आणि सुई पुन्हा चारवर आली.

पुढच्या फेरीत, त्याच ठिकाणी, ती पुन्हा वाकली.

मी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, आलो, बॉनेट उघडून दाबाच्या सेन्सरची वायर चाचपली, ती किंचित सैल लागली, आणि मी ती घट्ट करून भावाला सांगितले की वायर हलत होती. त्याने डिपस्टिक पाहिली. तेल वरच्या खुणेला होते. वायर सैल असती तर सुई धक्क्यांवर थरथरली असती. एकाच वळणात, दोन्ही फेऱ्यांत, सावकाश खाली जाऊन सावकाश वर आली नसती. हे मला तेव्हाही कळत होते. ते मान्य केले असते तर दुपारची दोन सत्रे सोडून द्यावी लागली असती, आणि मला ती सोडायची नव्हती.

तिसऱ्या सत्राच्या चौथ्या फेरीत त्या वाटीतून बाहेर पडताना आसनाखालून ठक-ठक असा कोरडा आवाज आला. दोन सेकंदही झाली नसतील. क्लच दाबण्याआधीच मोठा धमाका झाला, आरशात निळसर पांढरा धूर दिसला आणि तापलेल्या तेलाचा वास नाकात शिरला. गाडी डाव्या मोकळ्या पट्ट्यावर घेतली, पण तोवर तीस-चाळीस मीटर डांबरावर तेलाचा पट्टा पडला होता. मार्शलने लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचे, रस्ता निसरडा असल्याचे निशाण दाखवले, आणि लगेच लाल निशाण दाखवून सत्र थांबवण्यात आले. तेल शोषणारी भुकटी टाकून झाडून काढेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. लोकांनी पैसे भरून घेतलेला तो वेळ होता. मी प्रत्येक पिटमध्ये जाऊन क्षमा मागितली. कोणी एक शब्दही वावगा बोलले नाही, आणि त्यामुळे मला अधिकच लागले.

गुरुवार

उस्तादांनी आज इंजिन उतरवले. तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला आहे. भोकातून माझी दोन बोटे आत जातात. इंजिनाखालचे तेल साठवणारे चेंबर काढल्यावर तळाशी तेलात चकचकीत चुरा होता, चुंबकाला न चिकटणारा, म्हणजे बेअरिंगचा. दुसऱ्या सिलिंडरच्या बेअरिंगची वाटी उस्तादांनी कापडाने पुसून माझ्या तळहातावर ठेवली. नव्या वाटीचा रंग मंद राखाडी असतो. हिच्या मधोमध तांबूस डाग उमटला होता, वरचा मऊ थर झिजून खालचे तांबे उघडे पडले होते. तिसरीची वाटी वाटी म्हणण्यासारखी उरलीच नव्हती. क्रँकचा, म्हणजे रॉड ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, तो भाग तापून निळा पडला आहे. उस्ताद म्हणाले, "साहब, इसको तेल नहीं मिला।"

त्या वाटीत आणि क्रँकमध्ये तीन-चार शतांश मिलिमीटरचा वाव असतो, केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढ्या फटीत तेल दाबाने भरलेले असते तोवर धातू धातूला लागतच नाही. मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या गतीवर क्रँक सेकंदाला ९२ फेरे घेतो. पंपाने दोन सेकंद तेलाऐवजी हवा ओढली तर जवळजवळ १८० फेरे कोरडे जातात.

पंपाने हवा का ओढली, याचे उत्तर त्या चेंबरमध्येच होते, आणि ते चेंबर माझ्या हातचे आहे. मूळ चेंबर खोल होते आणि आमच्या बुटक्या गाडीखाली जमिनीला लागले असते, म्हणून मी त्याची दोन इंच खोली कापून नवा तळ वेल्ड केला. वजन अर्धा किलो घटले याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. वळणावर गाडीला जेवढा आडवा जोर बसतो तेवढे आतले तेल एका बाजूला चढते. तो जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांत कलतो. साध्या टायरवर आम्ही त्या कोनाच्या बरेच अलीकडे होतो. मऊ टायरांनी गाडी धरून ठेवली, तेल डाव्या भिंतीवर चढले, आणि पंप ज्यातून तेल ओढतो त्या जाळीचे तोंड उघडे पडले. जिप्सीच्या इंजिनाचा यात काडीइतकाही दोष नाही. त्याने माझ्या उथळ चेंबरवर तीन खेपा निभावून नेल्या आणि चौथ्या खेपेला दोनदा सुई वाकवून सांगितले.

रविवार

ब्लॉक गेला. उस्तादांनी भंगार बाजारातून दुसरे हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनांचा खालचा भाग, पाहून ठेवले आहे. क्रँक मोजून तो दहा अंडरला, म्हणजे एक माप बारीक, घासावा लागेल की तसाच चालेल हे लेथवाला उद्या सांगणार आहे. एकूण खर्चाचा आकडा आईला सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि विचारले, "मग परत तेच नाही ना होणार?"

त्याचेच उत्तर शोधण्यात आजचा दिवस गेला. चेंबरची खोली वाढवता येत नाही, म्हणून ते दोन्ही अंगांना रुंद केले आहे, जाळीभोवती पत्र्याची चौकट उभारली आहे, आणि चौकटीच्या प्रत्येक भिंतीत बिजागरीचे एक छोटे दार ठेवले आहे, जे आत येणाऱ्या तेलाला वाट देते आणि बाहेर जाणाऱ्या तेलासमोर मिटते. पहिली दोन दारे आम्ही उलटी लावली होती. भावाच्या लक्षात आले.

संध्याकाळी वाड्याच्या चौकात चेंबर फळीवर ठेवून त्यात जुने गरम तेल ओतले. भावाने सुताराचा गुण्या लावून फळी एकदम पंचेचाळीस अंशांवर उचलून धरली, डावी बाजू खाली, आणि मी टॉर्च घेऊन जाळीच्या तोंडाकडे पाहत मोजू लागलो. चौकट काढून केलेल्या चाचणीत एक म्हणेपर्यंत तोंड उघडे पडले होते. चौकट लावल्यावर सातपर्यंत तेल हलले नाही, पुढे एका दाराच्या कडेने बारीक ओघळ सुरू झाला आणि अकराला तोंडाची वरची कड दिसली. ते दार उद्या घासून नीट बसवायचे आहे. भावाचे हात भरून आले होते, तरी तो फळी खाली ठेवायला तयार नव्हता. "दादा, आणखी एकदा मोज," म्हणाला.