ई-क्लासच्या माळावर दिसलेला तणमोर

आज पहाटे कारंजा तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या माळावर फिरताना मला आयुष्यात प्रथमच तणमोर हा गवताळ माळावरचा पक्षी दिसला. सोबत तांड्यावरचे फासेपारधी काका होते, गवताकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हालू नको बाप्पा, तो आता उडी घेईन." पुढच्याच क्षणी कुसळी आणि पवन्याच्या दाट गवतातून काळाभोर नर सरळ वर उसळला, डोक्यावरचे पिसांचे लांब तुरे मागे वळले, बेडकासारखा टर्र आवाज झाला आणि तो पुन्हा गवतात दिसेनासा झाला. मादीला आकर्षित करण्यासाठी पावसाळ्यात नर दिवसातून शेकडो वेळा अशी उडी घेतो. पुढे मुरमाड उघड्या जागेवर धाविक पक्ष्यांची जोडीही दिसली, पण मन त्या उडीतच अडकले होते.

२०२१ पासून तणमोराची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. ज्या गवताला आपण पडीक म्हणतो, त्यातच त्याची मादी जमिनीवर अंडी घालते. माळ नांगरला की तिला सोयाबीनच्या शेतात शिरावे लागते. आमच्या माळाच्या दोन बाजू यंदा नांगरल्या गेल्या आहेत, याचे मला फार वाईट वाटते. काका आठ दिवसांनी पुन्हा जाणार आहेत आणि मीही जाणार आहे.