फ्लीसच्या पाठीचे कार्पेट आणि त्याचा जोड

अमेरिकेत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरायचे कार्पेट बहुधा 12 फूट रुंदीच्या गुंडाळीत येते, आणि ओहायोतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची बसायची खोली 14 फूट रुंद व 18 फूट लांब आहे. म्हणजे जोड अटळ होता. कार्पेट विकत घेताना गिऱ्हाईक रंग पाहते, लवेवरून हात फिरवते आणि किंमत विचारते. तुकडा उलटा करून पाठ पाहणारा विरळाच. आम्ही घेतलेल्या कार्पेटची पाठ मात्र नेहमीच्या जाळीदार, खरखरीत विणीची नसून फ्लीसची, म्हणजे मऊ तंतूंच्या जाडसर कापडाची होती. आमच्याकडे आलेल्या अनुभवी कारागिरासोबत मी ते अंथरण्याचे काम केले, आणि या पाठीमुळे कामाची रीत कुठे बदलते ते जवळून पाहिले.

आज घरांतून दिसणारे बहुतेक कार्पेट विणलेले नसते, तर टफ्टिंग पद्धतीने केलेले असते. जॉर्जिया राज्यातील डाल्टन हे या धंद्याचे मोठे केंद्र आहे; तिथे हाताने गुच्छ काढून सजवलेल्या पलंगपोसांच्या व्यवसायातून पुढे यंत्रावर कार्पेट तयार होऊ लागले. या पद्धतीत सुया एका पातळ कापडातून धागा आरपार नेतात. हे पहिले अस्तर सहसा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असते. धागे उपसून येऊ नयेत म्हणून त्याच्या मागे लॅटेक्सचा, म्हणजे रबरासारख्या चिकट पदार्थाचा थर देतात आणि त्यावर दुसरे अस्तर चिकटवतात. फरक पडतो तो या दुसऱ्या अस्तरात. विणलेल्या अस्तराला भोके असतात, त्यांत जोडाखाली लावायच्या टेपवरचा गरम गोंद शिरतो आणि पकड घेतो. फ्लीसमध्ये तशी भोके नसतात, नुसत्या तंतूंची गादी असते. गोंद त्या गादीच्या वरवरच्या केसांना चिकटून राहिला, तर जोड त्या दिवशी उत्तम दिसतो. पण तो तंतूंच्या भरवशावर उभा असतो आणि ताण बसला की सुटू लागतो. या कार्पेटच्या जोडाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे, असे माझे मत झाले आहे.

कापण्याच्या आधी मांडणी ठरवावी लागते. खोलीच्या रुंदीत दोन फूट कमी पडत होते. त्यासाठी आणखी 18 फूट लांबीचे कार्पेट घेतले असते, तर त्यातला मोठा भाग फुकट गेला असता. दुसरा मार्ग म्हणजे गुंडाळीतून पावणेपाच फूट लांबीचा एकच तुकडा घेऊन त्याचे प्रत्येकी तीन फूट रुंदीचे चार पट्टे करायचे आणि ते एकापुढे एक जोडायचे. पट्टे आडवे न फिरवता ठेवल्यामुळे लवेची दिशा सगळीकडे एकच राहते. ही दिशा चुकली, तर एकाच गुंडाळीतले दोन तुकडे उजेडात वेगवेगळ्या रंगांचे दिसतात आणि त्यावर नंतर काहीही उपाय नसतो. या रीतीने पैसे वाचतात, पण तीन आडवे जोड वाढतात. म्हणून आम्ही तो भाग सोफ्याखाली जाईल अशा भिंतीला घेतला. मुख्य जोड खिडकीतून येणाऱ्या उजेडाला आडवा जाऊ नये, उजेडाच्या दिशेने जावा, हेही पाहिले, कारण तिरप्या उजेडात आडव्या जोडाची सावली पडते.

विणलेल्या पाठीवर खडू लावलेली दोरी मारून सरळ रेघ आखता येते आणि पाठीकडून कापता येते. फ्लीसवर खडूची रेघ पसरते, आणि पाते गादीतून जाताना थोडे भरकटते. म्हणून कारागिराने दोन्ही काठ लवेच्या बाजूनेच कापले: आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन ओळींमधली लव बाजूला सारून वाट मोकळी केली आणि मग त्या वाटेने कटर चालवला. पाते तो वरचेवर बदलत होता. बोथट पाते फ्लीस कापत नाही, ओढते, आणि काठावर कापसासारखे तंतू उरतात. हे तंतू जोडाच्या फटीत अडकले, तर दोन काठ कधीच नीट भिडत नाहीत.

यानंतर सीलर. कापलेल्या काठांना चिकट द्रवाची बारीक रेघ देण्याचे हे काम घाईत वगळले जाते, आणि वगळले तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. फ्लीसच्या कार्पेटला मात्र ते अत्यावश्यकच समजावे. सीलर नुसता फ्लीसवर लागून उपयोग नाही. तो पहिल्या अस्तराच्या आणि लॅटेक्सच्या कापलेल्या कडेपर्यंत पोचला पाहिजे, आणि तरीही लवेवर चढता कामा नये.

जोडाच्या इस्त्रीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. टेप जोडाच्या खाली मध्यभागी ठेवतात, गरम इस्त्री टेपवरून सरकत जाते आणि तिच्या मागोमाग दोन्ही काठ वितळलेल्या गोंदात बसवले जातात. गोंद फ्लीसमध्ये खोल जावा म्हणून इस्त्रीची उष्णता वाढवण्याचा मोह होतो, पण तो उपाय घातक आहे. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 ते 165 अंश सेल्सियसला वितळते, आणि त्याच्या बरेच आधी ते आक्रसून वाकडे होऊ लागते. खरा उपाय वेळ आणि दाब हा आहे. इस्त्री संथ चालवावी, गोंद पूर्ण पातळ होऊ द्यावा, इस्त्री पुढे गेल्याबरोबर जोड हाताने मिटवून वरून रोलरने दाबावा आणि मग लाकडाची सपाट फळी ठेवून थंड होऊ द्यावा. कार्पेटखाली अंथरलेला फोम मऊ असल्यामुळे दाब देताना सगळेच खाली दबते. त्यासाठी टेपच्या खाली एक लांब फळी ठेवून ती इस्त्रीबरोबर पुढे सरकवत नेली होती. जोड पुरता थंड होईपर्यंत कारागिराने कोणालाही त्यावर पाय ठेवू दिला नाही, आणि ताणण्याचे काम तर दूरच.

ताण देण्याचे प्रमाण लांबी-रुंदीच्या सुमारे 1 ते 1.5 टक्के सांगितले जाते. 18 फुटांवर ते दोन ते सव्वातीन इंच होते. एवढा ताण गुडघ्याने मारायच्या किकरने मोठ्या खोलीत बसत नाही, त्याला भिंतीला टेकवायचा पॉवर स्ट्रेचरच लागतो. ताण कमी पडला, तर कालांतराने कार्पेटवर लाटा उठतात. ताण बसल्यावर जोड किंचित उंच होतो, त्यात कारागिराचा दोष असतोच असे नाही: ओढ कार्पेटच्या पाठीतून जाते आणि टेप त्या पातळीच्या खाली असते, म्हणून ओढीखाली टेप वर येऊ पाहते. म्हणूनच ताण आधी जोडाच्या लांबीच्या दिशेने द्यावा आणि मगच त्याला आडवा. कडेच्या टॅक स्ट्रिपचे, म्हणजे कार्पेट धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या पट्टीचे खिळे फ्लीसमध्ये अडकलेले पाहून समाधान मानू नये. ते पहिल्या अस्तरात रुतले आहेत की नाही, हे काठ हाताने उचलून तपासावे.

एवढे सगळे वाचून हे कार्पेट कटकटीचेच वाटेल, पण जिन्यावर त्याने आपली किंमत वसूल केली. खरखरीत पाठ वळणावरून नेताना भिंतीचा रंग आणि कठड्याचे पॉलिश खरवडते. फ्लीसने कुठेही ओरखडा उठला नाही. पायरीच्या पुढच्या गोल कडेवर ते सहज वाकले आणि पायरीच्या अंगाला घट्ट बसले. घरात फक्त जिना आणि 12 फुटांपेक्षा अरुंद खोल्या असतील, तर मी फ्लीसचीच पाठ निवडीन. मोठी खोली असेल, तर आधी कारागिराला त्याने या पाठीवर केलेला एखादा जुना जोड दाखवायला सांगेन आणि मगच गुंडाळी मागवीन.