गॅरेजपर्यंत जमिनीखालून वीज: चर बुजवला, बोर्ड चालू

मागच्या नोंदीत फक्की मारून चराची रेघ आखली होती. काल संध्याकाळी गॅरेजातला दिवा गॅरेजच्याच डीबीवरून (वीज वाटणाऱ्या बोर्डावरून) लागला. खिडकीतून एक्स्टेंशनची वायर ओढत नेणं आता बंद. मधल्या तीन आठवड्यांचं सविस्तर लिहितो, कारण चर बुजवण्याआधी घेतलेल्या एका रीडिंगमुळे सगळं काम पुन्हा उकरण्याची वेळ टळली.

केबल आधी ६ चौरस मिमीची घेणार होतो. ३२ अँपिअरला ती पुरते. पण घरच्या बोर्डापासून गॅरेजच्या बोर्डापर्यंत, भिंतींवरची चढण धरून, ३८ मीटर भरतात. करंट जातो आणि परतही येतो, म्हणजे हिशेब ७६ मीटर तांब्याचा. त्याचा रोध ६ ला साधारण ०.२२ ओहम, १० ला ०.१३. ३२ अँपिअरवर पहिलीत ७ व्होल्ट पडतात, दुसरीत सव्वाचार. नुसते दिवे आणि ड्रिल असते तर एवढ्या फरकाकडे पाहिलंही नसतं. माझा कॉम्प्रेसर मात्र २ हॉर्सपॉवरचा, सिंगल फेज. चालताना १० अँपिअर घेतो, पण उठताना त्याच्या पाच-सहा पट. त्या क्षणी ६ च्या केबलवर १३ व्होल्ट गेले असते, आणि व्होल्टेज पडलं की मोटरचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. मोटर रखडत उठते, वाइंडिंग तापतं. म्हणून १० चौरस मिमीची तीन कोअरची तांब्याची आर्मर्ड केबल, म्हणजे बाहेरून धातूच्या तारांचं कवच असलेली, घेतली.

चर ७५ सेंमी खोल. वरचा हातभर थर टिकावाने भराभर निघाला, खाली दगडगोटे लागले आणि पहार घ्यावी लागली. तळाचा प्रत्येक टोकदार दगड हाताने वेचला. वरून मातीचा भार आला की असा एकच दगड वर्षानुवर्षं केबलचं आवरण टोचत राहतो. मग ८ सेंमी वाळू, तिच्यावर केबल, पुन्हा वाळू, वर आडव्या विटा. वळणावर केबल दुमडली नाही, व्यासाच्या १२ पट त्रिज्या ठेवली. २० मिमीच्या केबलला २४ सेंमी. दोन्ही टोकांना मीटरभर लूप सोडला. तेव्हा तो जरा जास्तच वाटला होता.

केबल टाकली त्या रात्री पाऊस आला. घराकडचं टोक छपराखाली होतं, गॅरेजकडचं उघड्यावर. त्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली होती, ती वाऱ्याने सरकली. दोन दिवसांनी चर बुजवण्याआधी दोन्ही टोकं मोकळी ठेवून ५०० व्होल्टचा मेगर लावला. हा तारांमधल्या इन्सुलेशनचा रोध मोजतो, आकडा जितका मोठा तितकं चांगलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये काटा अगदी वर. फेज-अर्थमध्येही ठीक. न्यूट्रल-अर्थमध्ये मात्र ०.८ मेगाओहम! नव्या केबलचं हे रीडिंग असूच शकत नाही. मिनिटभर धरून पाहिलं, काटा हलेना.

पहिला संशय आला तो दगडावर. वाळू सरकवून दहा-बारा मीटर केबल बोटांनी चाचपली, कुठे ओरखडासुद्धा नाही. मग वायरमन म्हणाले, "अहो, आधी टोक बघा." टोक कापून उभं धरलं तर आर्मरच्या तारांमधून पाण्याचे दोन थेंब ओघळले, आतलं फिलरही (कोअरमधलं भरणही) ओलसर लागलं. ४० सेंमी छाटलं, नवं टोक कोरडं पुसलं, पुन्हा मेगर. तिन्ही जोड्या २०० मेगाओहमच्या वर. मीटरभर लूप नसता तर केबल बोर्डापर्यंत पोचली नसती आणि जमिनीत जोड द्यावा लागला असता. जमिनीखालचा जोड म्हणजे पाणी शिरायला कायमची जागा. आता केबल कापली की त्याच मिनिटाला हीट-श्रिंक टोपी (तापवली की आवळून बसणारी) बसवतो. पिशवीवर भरवसा नाही. मेगर लावल्यावर केबल डिस्चार्ज केल्याशिवाय तारांना हात लावू नका, एवढंही सांगून ठेवतो.

बुजवताना जमिनीखाली ३० सेंमीवर पिवळी इशारा-पट्टी टाकली, दर वीतभर थराला धुम्मस मारली. उघड्या चरात टेप ठेवून भिंतीपासूनच्या अंतरांसह फोटो काढले आहेत.

दोन्हीकडची जोडणी परवानाधारक वायरमनने केली, मी शेजारी बसून पाहिली. ग्लँडमध्ये, म्हणजे केबल बोर्डात शिरते तिथे तिला धरणाऱ्या जोडात, आर्मरच्या तारा शंकूसारख्या तुकड्यावर एकसारख्या पसरून दाबतात आणि मग नट आवळतात. एक जरी तार दुमडून राहिली तर पकड आणि अर्थ दोन्ही कच्चे. गॅरेजच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पट्ट्या वेगळ्याच राहिल्या. त्या तिथे जोडल्या असत्या तर परतीचा काही करंट अर्थमधून आणि आर्मरमधून वाहिला असता, अंगाशी येणाऱ्या धातूवरून, आणि घरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सतत पडत राहिली असती. गॅरेजात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, घराकडे १०० ची, उशिराने पडणारी. म्हणजे गॅरेजात दोष आला तर घर अंधारात जात नाही.

कालची रीडिंग: कॉम्प्रेसर आणि रंधा एकदम चालू, १८ अँपिअर. घरच्या बोर्डावर २२९ व्होल्ट, गॅरेजात २२६.५. कागदावर घट २.४ आली होती, प्रत्यक्षात २.५. कॉम्प्रेसर एका दमात उठला, दिवा जेमतेम लुकलुकला.

नेटवर्क केबलचा पाइप त्याच चरात ३० सेंमी अंतर सोडून टाकलाय, आत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही तोंडं बंद केली आहेत. ती केबल पुढच्या सुट्टीत.