कीबोर्डची थरथर: आधी कोण थरथरून राहिलंय ते बघा

'नागपूर' लिहायला फोनच्या मराठी कीबोर्डवर ६ वेळा बोट टेकवावं लागतं. 'महाराष्ट्र'ला १० वेळा, आणि 'व्हायब्रेशन' हाच शब्द लिहायचा तर ११ वेळा, कारण जोडाक्षरातल्या प्रत्येक हलन्ताचा वेगळा टच. तितक्या वेळा फोन बोटाखाली गुरगुरतो. ज्याला हे आवडतं त्याचं भांडण नाही. ज्याला नको आहे तो मात्र बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो: फोनच्या सेटिंग्जमध्ये व्हायब्रेशनचं सगळ्यात वरचं मोठं बटण बंद करून टाकतो. कीबोर्ड गप्प होतो, आणि दुसऱ्या दिवशी खिशात सायलेंटवर ठेवलेल्या फोनवर कॉल येत राहतात नि कळतही नाही.

फोनमध्ये मोटर एकच असते, पण तिला हलवणारे बरेच जण असतात. कीबोर्ड अ‍ॅप एक, फोनची स्वतःची स्पर्शाची व्यवस्था दुसरी, नंबर लावायचा डायल पॅड तिसरा, आणि रिंग-नोटिफिकेशन वेगळे. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी अर्ध्या मिनिटाची तपासणी करा. नोट्सचं कोणतंही अ‍ॅप उघडून चार अक्षरं टाइप करा. मग डायल पॅडवर दोन आकडे दाबा. मग स्क्रीनच्या कडेवरून बोट आत ओढून मागे जा. फक्त टाइप करताना थरथरत असेल तर काम कीबोर्डच्या सेटिंगमध्येच आहे. तिन्हीकडे थरथरत असेल तर फोनचा 'टच फीडबॅक' चालू आहे, आणि तो वेगळा विषय.

आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांवर गूगलचा जीबोर्ड असतो, त्यामुळे आधी तोच. टाइप करायच्या जागी टच करून कीबोर्ड वर आणा. अक्षरांच्या वरच्या पट्टीत दातेरी चक्र दिसलं तर ते दाबा. दिसलं नाही तर पट्टीच्या डाव्या टोकाला चार चौकोनांचं चिन्ह असतं, त्याच्या आत 'सेटिंग्ज' सापडेल. तिसरा रस्ता म्हणजे स्वल्पविरामाची की दाबून धरायची आणि बोट न उचलता वर आलेल्या चक्रावर सरकवायचं. आत 'प्रेफरन्सेस' उघडा आणि खाली 'की प्रेस'च्या भागापर्यंत या. तिथे 'हॅप्टिक फीडबॅक ऑन कीप्रेस' नावाचं बटण आहे ('हॅप्टिक' म्हणजे बोटाला जाणवणारी थरथर). ते बंद करा. सेव्ह वगैरे काही करावं लागत नाही. मागे येऊन टाइप करा, लगेच फरक कळतो. मराठी, इंग्रजी, आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा लेआउट, या सगळ्यांना हे एकच बटण लागू होतं, कारण लेआउट तीन असले तरी अ‍ॅप एकच.

फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर ही नावं अर्थातच वेगळी दिसतील. 'कंपन' किंवा 'व्हायब्रेशन' या शब्दांवर नजर ठेवली की पुरे. फोनच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते, तिथे यातला एक शब्द टाकला तरी बरंच काही समोर येतं. जीबोर्डचं हे बटण मात्र त्या शोधात सहसा येत नाही, ते जीबोर्डच्या आतच आहे. इथेच लोक अडकतात: फोनच्या सेटिंग्ज दहा वेळा पालथ्या घातल्या, सापडलं नाही, म्हणजे या फोनमध्ये ती सोयच नाही असा निष्कर्ष.

सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये 'जनरल मॅनेजमेंट', त्यात 'सॅमसंग कीबोर्ड सेटिंग्ज', मग 'स्वाइप, टच अँड फीडबॅक' आणि त्यात 'टच फीडबॅक'. इथे आवाज, व्हायब्रेशन आणि अक्षराची झलक अशी तीन बटणं आहेत. मधलं बंद करा. सॅमसंगमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. 'साउंड्स अँड व्हायब्रेशन'मध्ये 'सिस्टम व्हायब्रेशन' उघडलं की स्पर्श, डायल पॅड, कीबोर्ड, चार्जिंग अशी निरनिराळी बटणं एकाच पानावर मिळतात, म्हणजे डायल पॅड चालू ठेवून फक्त कीबोर्ड गप्प करता येतो. फक्त तिथे 'सॅमसंग कीबोर्ड' असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ तेवढाच. सॅमसंगच्या फोनवर जीबोर्ड टाकलेला असेल तर त्या बटणाने काही होणार नाही.

शाओमी, रिअलमी, ओप्पो, वनप्लस, विवो या फोनांत 'साउंड अँड व्हायब्रेशन'च्या आत 'हॅप्टिक' किंवा 'टच'च्या नावाने एक पर्याय असतो, कुठे बटण तर कुठे कमी-जास्त करायची पट्टी. नाव प्रत्येक अपडेटला थोडं बदलतं, म्हणून पाठ करण्यात अर्थ नाही. तो पर्याय संपूर्ण फोनच्या स्पर्शाचा आहे, एवढं लक्षात असू द्या. कीबोर्डपुरतं काम असेल तर कीबोर्डच्या आत जा. स्विफ्टकी हा वेगळा कीबोर्ड वापरणाऱ्यांनी त्याच्या अ‍ॅपमधलं 'साउंड अँड व्हायब्रेशन' उघडावं.

आयफोनवर गोष्ट उलटी आहे. कीबोर्डचं व्हायब्रेशन तिथे २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आलं आणि येतानाच बंद आलं. कुणीतरी मुद्दाम चालू केल्याशिवाय ते थरथरत नाही. आयओएस १६ आयफोन ८ पासून पुढे चालतं, त्यामुळे आयफोन ७ किंवा त्याआधीचा फोन असेल तर हा पर्याय शोधू नका. बंद करायला 'सेटिंग्ज', 'साउंड्स अँड हॅप्टिक्स', 'कीबोर्ड फीडबॅक', आणि तिथे 'हॅप्टिक'. वरचं 'साउंड' वेगळं आहे. टकटक आवाज नको असेल तर तेही बंद करा. आयफोनवर बाहेरचा कीबोर्ड टाकला असेल तर त्याचं व्हायब्रेशन त्या कीबोर्डच्या अ‍ॅपमध्ये असतं, आणि 'फुल अ‍ॅक्सेस' दिल्याशिवाय ते चालतच नाही.

आयफोनच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये 'टच'च्या आत 'व्हायब्रेशन' असं एक बटण आहे, त्याच्यापासून दूर राहा. ते बंद केलं की फोनचं सगळंच व्हायब्रेशन जातं, आपत्कालीन इशाऱ्यांचंसुद्धा. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने देशभर चाचणीचे इशारे पाठवले होते, तेव्हा फोन कसे एकदम किंचाळत थरथरले होते ते आठवत असेल. ती थरथर ऐन वेळी हवी असते.

आता मोटरकडे वळू, कारण काही जणांना व्हायब्रेशन नको नसतं, वाईट व्हायब्रेशन नको असतं. स्वस्त फोनांत जी मोटर असते तिच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन बसवलेलं असतं. ते फिरलं की फोन हलतो. पण फिरणाऱ्या वजनाला वेग घ्यायला वेळ लागतो, ४०-५० मिलिसेकंद सहज, आणि थांबायलाही लागतो. महागड्या फोनांत वजन फिरत नाही, स्प्रिंगवर पुढे-मागे सरकतं, साधारण १५० ते २५० हर्ट्झच्या ठरावीक लयीत. ते पटकन सुरू होतं, पटकन थांबतं, म्हणून बोटाला 'टिक' असं लागतं. फिरत्या मोटरचं 'घुर्रर्र' लागतं. तुम्ही सेकंदाला ५ टच करत असाल तर दोन टचमध्ये २०० मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात स्वस्त मोटरही निभावते. दोन्ही अंगठ्यांनी सेकंदाला ८-१० टच करणाऱ्यांच्या बोटाखाली मात्र एका अक्षराची थरथर पुढच्या अक्षरात मिसळते आणि हात मुंग्या आल्यासारखा होतो.

म्हणून जीबोर्डमध्ये त्याच जागी 'व्हायब्रेशन स्ट्रेंग्थ ऑन कीप्रेस' आहे, ते बंद करण्याआधी एकदा बघा. काही फोनांवर ते मिलिसेकंदांत दिसतं. चांगल्या मोटरच्या फोनवर १० ते २० च्या दरम्यान ठेवलं तर थरथर जाऊन नुसती चाहूल उरते. फिरत्या मोटरवर तेच १० केलं तर वजन हलायच्या आत वीज बंद होते आणि काहीच जाणवत नाही. ५० केलं तर शेपूट लांबतं. अशा फोनवर मधला मार्ग नाही, सरळ बंदच करावं.

बॅटरी वाचते म्हणून बंद करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. हिशेब मांडून बघू. मोटर एका टचला ८० मिलिअँपिअर ओढते आणि २० मिलिसेकंद चालते असं धरा. दिवसाला ५००० टच म्हणजे मोटर एकूण १०० सेकंद चालली, खर्च साधारण २.२ मिलिअँपिअर-तास. फोनची बॅटरी ५००० ची. म्हणजे शेकडा ०.०५ सुद्धा नाही. मोटर याच्या दुप्पट-तिप्पट ओढणारी निघाली तरी स्क्रीनचा प्रकाश जरासा कमी केल्याने त्याहून जास्त वाचेल. बंद करायची खरी कारणं वेगळी: हात, कान आणि शेजारी. अभ्यासिकेत फोन प्लायवूडच्या टेबलावर ठेवून टाइप केलं तर सगळं टेबल तबल्यासारखं वाजतं. हातात न जाणवणारी थरथर समोर बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते. सायलेंट मोडने हे थांबत नाही, 'डू नॉट डिस्टर्ब'नेही नाही. हे मोड रिंग आणि नोटिफिकेशन बघतात, कीबोर्ड नाही.

बटण बंद केलं तरी थरथरतं, याची कारणं मोजकीच असतात. बहुतेक वेळा फोनमध्ये दोन कीबोर्ड असतात आणि सेटिंग एकाचं बदललेलं असतं. स्पेसबार दाबून धरा किंवा गोलाच्या चिन्हावर दाबा, कुठला कीबोर्ड चालू आहे ते कळेल. दुसरं, जे थरथर वाटतं ते आवाज असू शकतं: 'साउंड ऑन कीप्रेस'चा हलका ठोका स्पीकरमधून येतो आणि पातळ फोनच्या पाठीवर बोटांना लागतो. फोन सायलेंट करून टाइप करा. ठोका गेला तर तो आवाजच होता.

तिसरं, यूपीआय. पिन टाकायचं पान तुमच्या कीबोर्डचं नसतंच. ४ किंवा ६ आकड्यांचा पिन घेणारे ते आकडे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या स्वतःच्या पानावरचे असतात, पैसे कुठल्याही अ‍ॅपमधून पाठवा. काही बँकांच्या अ‍ॅपमध्येही स्वतःचे आकडे असतात. तिथे थरथरलं तर जीबोर्डला दोष देऊ नका. लॉक स्क्रीनच्या पिनचंही तसंच, तो फोनच्या टच फीडबॅकखाली येतो.

उलटा प्रकारही होतो. बटण चालू आहे पण थरथरतच नाही, तर फोनचा टच फीडबॅक बंद असेल किंवा बॅटरी सेव्हर लागला असेल. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरी सेव्हर स्पर्शाची थरथर थांबवतो. चार्जिंगला लावला की सेव्हर सुटतो आणि थरथर परत येते, आणि 'अपडेटने सेटिंग बदललं' अशी समजूत होते. या भानगडीत जीबोर्डचा डेटा साफ करू नका. त्याने काही दुरुस्त होत नाही, उलट शिकवलेले शब्द आणि सगळी सेटिंग्ज जातात, आणि व्हायब्रेशन पुन्हा बंद करावं लागतं.

थरथरताना खर्रर्र असा सैल आवाज येत असेल (तंबाखूचा खर्रा नव्हे, खर्रर्र) तर सेटिंगचा संबंध नाही. फोन पडल्यावर किंवा उघडून बसवल्यावर मोटर तिच्या खाचेत सैल झालेली असते. रिंगचं व्हायब्रेशन लावून बघा, त्यातही तोच आवाज आला तर बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डीत) एखाद्या दुकानात उघडून मोटर नीट बसवून घ्या. कीबोर्डचं व्हायब्रेशन बंद केल्याने ते फक्त झाकलं जातं.

सगळ्यांनी बंदच करावं असं मात्र नाही. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत कूलर घरघरत असतो, तेव्हा कीच्या आवाजाचा काही उपयोग नसतो, आणि घामेजल्या बोटाचा टच लागला की नाही हे थरथरीवरूनच कळतं. ती एवढंच सांगते की की दाबली गेली. कुठली, ते नाही. श दाबला की ष, ट की ठ, हे सांगायला 'पॉपअप ऑन कीप्रेस' आहे, बोटाच्या वर अक्षराचा फुगा येतो तो. व्हायब्रेशन बंद करताना हा फुगा चालू आहे ना ते बघून घ्या. दृष्टी कमी असलेल्यांसाठी टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) असतो, त्याची थरथर वेगळी असते, ती टॉकबॅकच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये राहते आणि कीबोर्डचं बटण बंद केल्याने जात नाही.

घरच्यांना फोनवरून समजावायचं असेल तर वरच्या पट्टीतल्या चक्राचा रस्ता सांगू नका, चिन्हं ओळखण्यातच पाच मिनिटं जातात. फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, मेसेज लिहायची जागा उघडू द्या, आणि मग: "आई, स्पेसच्या बाजूला स्वल्पविराम आहे ना, तो दाबून धर. सोडू नको. वर चक्र आलं? बोट न उचलता त्याच्यावर ने, आता सोड." बाबांना हेच 'दाबून धरा, सोडू नका' असं. दहापैकी नऊदा गाडी 'सोडू नको'पाशीच अडते, तिथे थांबून दोनदा म्हणा. पुढे 'प्रेफरन्सेस' हा शब्द त्यांना वाचायला लावा, तुम्ही सांगू नका. चुकीच्या पानावर असतील तर तिथेच कळतं.