काळ्या मातीवर साडेचार टन

वरोरा-चिमूर रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. नांगराचे फाळ, बंडीची धाव, ट्रॉलीचे हुक, हेच रोजचं काम. ऑक्टोबरअखेरीस एका सकाळी ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, ताडोब्याले आलेली घरावाणी गाडी माह्या वावरात फसली. लौकर या."

जाऊन पाहिलं. साडेचार टनांची मोटरहोम एका अंगाला कलली होती. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वीच झालेला. वरची पपडी सुकलेली, खाली लोणी. गाडी समतल ठेवणारे चार हायड्रॉलिक जॅक रात्री टेकवले होते आणि पुढच्या डाव्या जॅकचा पाय वीतभर आत गेला होता. बटण दाबलं की पंप घुं-घुं करायचा, पाय हलत नव्हता. चिखलाने चोखून धरला होता. गाडीचे मालक काका-काकू पहाटेपासून बाहेर खुर्च्या टाकून बसले होते.

माझ्यासोबतच्या पोट्ट्याने पान्हा घेऊन सरळ गाडीखाली डोकं घातलं. पोटात गोळाच आला माझ्या. पाय धरून ओढला त्याला. असे जॅक गाडी सरळ करायला असतात, त्यांच्या भरवशावर खाली शिरायला नाही. तेलाचा पाइप फुटला तर माणूस उरत नाही. आधी चाकांना दगड लावले, चेसिसखाली लाकडी ठोकळे रचले, मग सळईने पायाभोवतीची माती मोकळी केली आणि कडेने पाणी सोडलं. हवा आत शिरली तसा 'फस्स' आवाज करत पाय वर आला.

पायाची पाटी 15 सेंटिमीटर चौरस. म्हणजे 225 चौरस सेंटिमीटरवर टनभर वजन, चौरस सेंटिमीटरला साडेचार किलो. ओली काळी माती ते कुठून झेलणार?

"रबराचे पॅड बसवून द्या," काका म्हणाले.

"देतो काका, पण नुसतं रबर वाकतं. घसरण थांबेल, खचणं नाही थांबणार."

वणीकडच्या खाणीतून भंगारात आलेला कन्व्हेयर बेल्ट, म्हणजे माल वाहणारा जाड रबरी पट्टा, दुकानात होताच. आमच्याकडे तो गाईच्या कोठ्यात अंथरतात. साबणाचं पाणी सोडत त्याचे 20 सेंटिमीटरचे चौकोन कापले, दोन-दोन थर जोडले. ड्रिल लावलं तर आतला कापडी धागा बिटला गुंडाळतो, म्हणून पाइपच्या तुकड्याला धार काढून हातोडीने भोकं पाडली. 8 मिलिमीटरचे बोल्ट खालून घातले, डोकी रबरात बुडवली, वर वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारा. मागचा उजवा पाय वर घेतला तेव्हा पॅडचा कोपरा सायलेन्सरच्या पाइपला जवळजवळ टेकत होता. तो तिरपा छाटला. हे न बघता गाडी पाठवली असती तर चिमूरपर्यंत रबर जळालं असतं.

खचण्यावरचा इलाज वेगळा. बाभळीच्या दोन इंची फळ्या, आडव्या-उभ्या ठोकून 40 सेंटिमीटरचे चार पाट केले. जागा सातपट झाली, दाब पाऊण किलोच्याही खाली. हे गणित माझ्या बापाने कधी मांडलं नाही, पण चिखलात बंडी फसली की चाकाखाली पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि फळी तोच घालायचा.

त्या रात्री गाडी धुऱ्यालगत (बांधाजवळ), पाटांवर उभी केली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला गेलो. पाट उचलले, खाली बोटाच्या पेराएवढीच खूण होती.