पट अकरा, टक्के शंभर

आमच्या शाळेचा पट अकरा. पहिली ते पाचवी मिळून. देवगड तालुक्यातली खाडीकाठची वाडी, चिऱ्याच्या दोन खोल्या, दोन शिक्षक. इथे टक्केवारीची किंमत वेगळी शिकावी लागत नाही. एका वर्षी शिष्यवृत्तीला आमची दोन मुलं बसली, दोन्ही पात्र ठरली. निकाल शंभर टक्के! आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नारळ मिळाला, टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी एकच मुलगी बसली आणि ती थोडक्यात राहिली. निकाल शून्य टक्के. तिठ्यावर एका पालकांनी थांबवून विचारलं, "बाई, गेल्या वर्साक शंभर टक्के नि औंदा शून्य? काय झाला?"

काय होणार? शिकवणारी बाई तीच, पुस्तकंही तीच. आकडा मात्र डोंगरावरून दरीत.

बी.एड.ला संख्याशास्त्राचा पेपर होता. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. पाठ केलं, लिहिलं, विसरले. त्यातलं एकच सूत्र या शाळेत आल्यावर अंगाला लागलं. सरासरीतली डगमग, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारं वरखाली, पटाच्या वर्गमुळाने कमी होते. म्हणजे अकराचे चव्वेचाळीस झाले, पट चौपट झाला, तरी डगमग जेमतेम निम्मी होते. हॉवर्ड वेनर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली यावर फार सुंदर लिहिलंय. तिकडे वाचनाच्या गुणांत सर्वांत वरच्या शाळांत लहान शाळा जास्त दिसल्या म्हणून शाळा लहान करायची लाट आली, त्यासाठी प्रचंड पैसा ओतला गेला. यादीच्या तळाशी कुणी पाहिलंच नाही. तिथेही लहान शाळाच जास्त होत्या.

हे सगळं आठवायचं कारण मानसशास्त्र. मागे एका शिक्षण परिषदेत बाहेरून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर पांढरी मऊ मिठाई दाखवली, मार्शमॅलो. चार वर्षांच्या मुलासमोर एक ठेवायची, सांगायचं की मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जो थांबतो तो आयुष्यात पुढे जातो, हे संशोधनाने सिद्ध झालंय, असं ते म्हणाले. सभागृहात माना डोलल्या. माझी एक मैत्रीण शेजारच्या केंद्रात शिकवते. तिने जत्रेतला खाजा आणून तिच्या पहिलीवर हाच प्रयोग करायचं तिथेच ठरवलं. मी मात्र रात्री मोबाइलवर मूळ लेख शोधत बसले. नेट खिडकीतल्या एका कोपऱ्यातच येतं, त्यामुळे उभ्यानेच वाचला.

वॉल्टर मिशेल यांचे हे प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत १९६०च्या दशकाच्या शेवटी आणि पुढची काही वर्षं झाले. आयुष्यभराच्या यशाची गोष्ट पुढे १९९० साली छापलेल्या पाठपुराव्यातून आली. बालवाडीत शेकडो मुलं होती, पण जो आकडा सगळीकडे मिरवतो तो ३५ मुलांचा. मिठाई डोळ्यांसमोर, आणि मन कसं वळवायचं हे कुणी सांगितलेलं नाही, अशा अवस्थेत जी मुलं बसली ती ही. त्यांचा थांबण्याचा वेळ आणि पुढे सॅट या प्रवेश परीक्षेत गणिताला पडलेले गुण यांचा सहसंबंध ०.५७.

शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे तंतोतंत जुळणी; ०.५७ म्हणजे मानसशास्त्रात भरपूर. पण ३५ मुलं! मी वही काढली. इतक्या मुलांवरून काढलेल्या ०.५७चा ९५ टक्के भरवशाचा पट्टा, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, ०.२९ ते ०.७६ येतो. सहसंबंधाचा वर्ग केला की एकातल्या चढउतारापैकी किती भाग दुसऱ्याशी जुळतो ते कळतं. ०.२९चा वर्ग आठ टक्के, ०.७६चा अठ्ठावन्न. आठ टक्के ते अठ्ठावन्न टक्के, यांत कुठेही! एवढ्या रुंद पट्ट्यावर उभं राहून कुणी कुणाच्या मुलाचं भविष्य सांगू नये. आणि विद्यापीठाच्या आवारातली मुलं, बरीचशी तिथल्याच प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची. आमच्या वाडीत कुणाचा बाप ट्रॉलरवर खलाशी, कुणाची आई कलमांच्या बागेत मजुरीला.

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९१८ मुलांची माहिती तपासली. बऱ्याच जणांच्या आया महाविद्यालयाची पदवी न घेतलेल्या. थांबणं आणि पंधराव्या वर्षीचे गुण यांचा संबंध होता, पण जुन्याच्या निम्मा. मग घरची परिस्थिती, मुलाची आधीची आकलनशक्ती वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळून गेला. वक्त्यांच्या पडद्यावर हा लेख नव्हता.

एकट्या मार्शमॅलोची ही गत नाही. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा केले. मूळ लेखांपैकी ९७ टक्क्यांत निकाल 'लक्षणीय' होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत राहिला, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्मा झाला. माझ्या अनुभवात या 'लक्षणीय' शब्दानेच सर्वांत जास्त फसवणूक होते. पी नावाचा आकडा ०.०५च्या खाली आला की निकालाला 'लक्षणीय' म्हणतात, आणि मग लोक म्हणतात, गोष्ट ९५ टक्के खरी. तसं नाही ते. खरा फरक मुळीच नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, एवढंच ते सांगतं. फरक केवढा, याबद्दल त्यात अक्षर नाही. त्यात लहान गटावरचे, पी जेमतेम जमलेले प्रयोगच छापून आले, तर छापलेला फरक फुगलेला असणारच. आमच्या केंद्रात फक्त शंभर टक्केवाल्या शाळांनाच नारळ मिळतो, तिथे पट किती हे कुणी विचारत नाही.

संशोधकांना हे कळत नाही का? कळतं, पण वळत नाही. १९७१ साली ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी संख्याशास्त्र जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनाच प्रश्न विचारले होते. लहान नमुन्यावर त्यांचाही भलताच विश्वास निघाला. हे वाचून मला जरा बरं वाटलं, लपवत नाही.

मैत्रिणीने खाजाचा प्रयोग केलाच. तिची तीन घरांतली भावंडं क्षणात खाऊन मोकळी; म्हणाली, "यांना संयम नाही." मी तिला २०१३चा सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग पाठवला. त्यात मिठाईआधी मुलांना चांगले रंग आणून द्यायचं कबूल केलं होतं. अर्ध्या मुलांना ते मिळाले, अर्ध्यांना 'नाहीयेत, सॉरी' ऐकावं लागलं. मग मिठाई. शब्द पाळलेला पाहिलेल्या १४ पैकी ९ मुलं पूर्ण पंधरा मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेल्या १४ पैकी एकच. खाजा उद्या उरेल याची खात्री नसलेल्या घरातलं मूल आज खातं, यात संयमाचा काय दोष?

तिने लगेच पकडलं. "म्हणजे तुझ्या आवडीच्या प्रयोगात २८ मुलं चालतात?" प्रश्न रास्त होता. नऊ विरुद्ध एक हा फरक इतका मोठा आहे की चौदा-चौदाच्या गटातही तो निव्वळ योगायोगाने येणं अवघड. पण खरा फरक नेमका एवढाच, असं २८ मुलांवरून मी म्हणणार नाही; मोठ्या गटात तो उतरेल अशीच माझी अपेक्षा आहे. दिशा मला पटते, आणि का पटते तेही ठाऊक आहे. मी याच वाडीत वाढले, माझ्याही घरात खाजाची पुडी संध्याकाळपर्यंत टिकत नसे. म्हणूनच या प्रयोगाला मी जास्त छळते. पुढच्या परिषदेत वीस मिनिटं मागितली आहेत, त्यात १९९०चा आणि २०१३चा हे दोन्ही लेख त्यांच्या पटासकट फळ्यावर मांडणार आहे. मैत्रीण पहिल्या बाकावर बसणार आहे, आणि तिने प्रश्न आत्ताच लिहून ठेवलेत.